कट्टी

मानवतला जिनिंगच्या फाटकापाशी माझा वजनकाटा.
खिडकीत मी, समोर लाल आकडे.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
उरला तो माल.
सोळा वर्षं एवढंच गणित करते,
हमाल मला नावानं नाही, काटेबाई म्हणूनच हाक मारतात.

पहाटे पाचला गोळी.
उशाशीच ठेवते, शेजारी झाकलेला तांब्या.
मग तासभर तोंडात काही नाही, चहासुद्धा नाही.
सासूबाई म्हणतात, एवढ्याशा गोळीचं
एवढं सोवळं!
त्या तासात मी पाथरी रोडनं चालते,
किलोमीटरच्या दुसऱ्या दगडाला हात लावून परत.
एक कुत्रं सोबत येतं. ते वाळलं.

दोन भाकरींची एक केली, एकीची अर्धी.
करडईचं तेल चमच्यानं मोजलं.
पोळ्याला पुरणाची एकच पोळी खाल्ली,
तीही बैलांचं झाल्यावर.
तरी नळावर दैवशाला विचारतेच,
कामून गं, अजून तश्शीच दिसायलीस?
चोरून खायलीस का काय?
मी हंडा उचलते. भरलेला हंडा
मला कुणाहूनही लवकर उचलता येतो.

मे महिन्यात पत्रा तापून टकटक वाजतो,
हमाल डोक्यावर ओले रुमाल टाकतात,
आणि मी खिडकीत स्वेटर घालून.
सय्यदचाचा हसतात,
काटेबाई, तुमारा मौसमच अलग है.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी
रिपोर्ट बघून पेन खाली ठेवला.
म्हणाल्या, यात तुमचा दोष नाही.
अंगाचं इंजन थंड चाललंय,
त्यात पाणीही धरलंय.
बायकांचं अर्धं तिकीट काढून गेले होते,
एक पूर्ण वाक्य घेऊन आले.
स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्यापुढं
बराच वेळ नुसती उभी राहिले.

आमच्याकडं कापूस ओला निघाला
की क्विंटलमागं कट्टी लागते.
ग्रेडर मुठीत कापूस दाबतो,
सरकी दाताखाली धरतो.
कट् वाजली तर कोरडा,
नाही वाजली तर एवढे किलो पाण्याचे म्हणून वजा.
माझ्या पाण्याची कट्टी कोण धरणार?
लग्नात, बारशात सगळे
भरल्या गाडीचंच वजन बघतात.
दहा वर्षं मीही तेच बघत आले,
कपाटाच्या आरशावर ओढणी टाकून.
लहानपणी मैत्रिणीशी कट्टी घेतली
तर संध्याकाळी सुटायची.
अंगाशी घेतलेली सुटतच नव्हती.

दिवाळीनंतर, हंगामातल्या एका रात्री
शेवटचा टेम्पो गेल्यावर
चपला काढून मी काट्यावर चढले.
एवढ्या मोठ्या लोखंडावर एकटी.
पायाला गार लागलं, पण ते मला नेहमीचंच.
खिडकीत चाचांना बसवलं होतं.
कितना?
अस्सी.

घरच्या काट्यावर मी चौऱ्याऐंशीवरून
ऐंशी किलो सहाशेवर आले आहे.
दहा महिने लागले.
पण हा काटा दहाच्या पटीतच बोलतो.
तेव्हा उभी राहिले असते तरी ऐंशी,
आज उभी आहे तरी ऐंशी.
मधले तीन किलो चारशे
याच्या हिशेबात कुठं आलेच नाहीत.

वेचणीच्या बाईला विचारा
तीन किलो चारशे म्हणजे काय.
सकाळची पहिली ओटी, दव अंगावर घेऊन,
बोंडाबोंडानं भरलेली,
बोटांना लागलेल्या नखोऱ्यांसकट.
ती कधी चुकणार नाही सांगायला.

चाचांनी सवयीनं पावती ओढली.
गाडी नंबरपुढं रेघ मारली.
वजनाच्या रकान्यात ऐंशी लिहिलं.
मग पेन थांबवून विचारलं,
क्या लिखूँ काटेबाई, भरी के खाली?

मी चपला शोधत होते अंधारात.
म्हणाले, लिहा, माल उतरायलाय.

मग आकडे मालवले,
आणि घरी जाऊन पाचचा गजर लावला.